तेरावी कोण?

यादी हा शब्द आपल्या भागात फार जिव्हाळ्याचा आहे. महिन्याच्या किराण्याची यादी, लग्न ठरले की दोन्हीकडच्या मंडळींनी बसून केलेली यादी, मतदारांची यादी, शाळेच्या फळ्यावर लागणारी पास-नापासाची यादी. माझ्या आईचे माहेर चिकोडीकडचे, कन्नड बोलणारे. तिच्या माहेरी यादीला 'पट्टी' म्हणतात. 'यादी' म्हटले तरी कळते. आम्ही भावंडे मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे पट्टी म्हटले की आम्हाला मास्तरांच्या हातातली पट्टी दिसायची. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर वाटते की दोन्ही अर्थ तसे लांबचे नाहीत. काही याद्या वळ उठवून जातात.

खेळाच्या संघाची यादी त्यातलीच. क्रिकेटचा संघ जाहीर झाला की पानाच्या टपरीपासून देवळाच्या कट्ट्यापर्यंत सगळे निवड समितीचे सभासद होतात. याला का घेतले, त्याला का वगळले, यावर चहाचे कप रिकामे होतात. बास्केटबॉलचा भारतीय संघ निवडला गेला, तर वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येतात आणि बहुतेक वाचक ते पान उलटतात. मीसुद्धा उलटत होते. आता मात्र त्या चार ओळी कापून वहीत चिकटवते. त्याचे कारण आमच्या घरातच आहे.

आम्ही मूळचे निपाणी आणि इचलकरंजीचे. माझे माहेर निपाणी, सासर इचलकरंजी. सूतगिरण्या आणि यंत्रमाग यांच्या आवाजात वाढलेल्या माणसाला सुरत काही परकी वाटत नाही. ह्यांना कापड रंगवण्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही सुरतेतल्या नवागाम भागात आलो. त्याला आता एकोणीस वर्षे झाली. नवागाम-डिंडोलीचा हा पट्टा म्हणजे गुजरातेतला खानदेशच. उधन्याहून जळगावकडे जाणारा रेल्वेमार्ग जवळून जातो आणि त्याच रेल्वेने नंदुरबार, धुळे, जळगाव जिल्ह्यांतली माणसे पोटापाण्यासाठी इथे येत राहिली. गल्लीत अहिराणी, दुकानात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि घरात मराठी. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. शेजारणींनी पहिल्या दिवशी विचारले, ''तुम्ही कुठल्या?'' निपाणी म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, ''म्हणजे महाराष्ट्रातल्या का कर्नाटकातल्या?'' सातशे किलोमीटरवर आलो तरी तो प्रश्न काही सुटला नाही.

आमची मुलगी इथलीच, सुरतेत जन्मलेली. इचलकरंजीची ती 'आजी' आणि निपाणीची ती 'अज्जी', हा फरक तिने बोलायला लागल्यापासून पाळला आहे. सहावीत असताना शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर बास्केटबॉलची रिंग लागली आणि ही बया तिथेच रमली. शाळा, शहर, मग जिल्हा. दोन वर्षांपूर्वी, दहावीच्या वर्षाच्या तोंडावर, राज्याच्या संघासाठी अठरा मुलींचे शिबिर झाले. त्यात तिचे नाव होते. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ सराव. अकराव्या दिवशी रात्री पालकांच्या व्हॉट्सॲपवर बारा नावे आली. तिचे नव्हते.

ती रडली नाही. जेवली, ताट घासले, आणि झोपायच्या आधी मला एकच विचारले, ''आई, मी तेरावी होते की अठरावी?''

सासूबाई देवघरापाशी वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, ''भरल्या घरात तिन्हीसांजेनंतर तेरावं-बिरावं काय काढलंस गं?'' त्यांचा रोख वेगळा, हिचा वेगळा. पण मला त्या प्रश्नाने झोप लागू दिली नाही. यादीत बारा नावे होती, पण न आलेल्या सहा जणींसाठी त्यात एक शब्दही नव्हता. तेराव्या मुलीला 'थोडक्यात हुकले' म्हणून उभारी येईल आणि अठरावीला दुसरा मार्ग शोधता येईल. कुणालाच काही सांगितले नाही, तर सगळ्या सहा जणी मनातल्या मनात अठराव्याच होतात.

तेव्हापासून मी या निवडीच्या मागे लागले. जिल्हा आणि राज्य राहू दे, देशाचा संघ कसा निवडतात ते तरी कळावे म्हणून वाचायला लागले. जाणकारांना माहीत असेल, पण माझ्यासारख्या आयांसाठी सांगते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बास्केटबॉलचा संघ बारा जणांचा असतो. मैदानात एका वेळी पाच. सामना चाळीस मिनिटांचा, दहा-दहा मिनिटांचे चार भाग. कितीही वेळा खेळाडू बदलता येतात आणि पाच फाऊल झाले की खेळाडूला त्या सामन्यातून बाहेर बसावे लागते. या साध्या नियमांतच निवडीची सगळी गोम आहे. बारा सर्वांत चांगल्या खेळाडू उचलल्या की संघ झाला, असे होत नाही. चेंडू सांभाळून पुढे नेणाऱ्या दोघी-तिघी तरी हव्यात, कारण एकीला फाऊल लागले तर दुसरी हवी. लांबून अचूक टाकणाऱ्या हव्यात. रिंगेखाली धक्के खात उभ्या राहणाऱ्या उंच मुली हव्यात. समोरच्या संघातल्या सर्वांत धोकादायक मुलीला सावलीसारखी चिकटणारी एखादी हवी. तिच्या नावावर गुण दिसणार नाहीत, पण तिच्यामुळे सामना वाचतो. भजनी मंडळात सगळेच मृदंगवाले घेऊन चालत नाही, टाळकरीही लागतात, तसेच हे. त्यामुळे गुणांच्या उतरंडीत आठवी असलेली मुलगी बाहेर राहते आणि पंधरावी आत जाते. यात अन्याय असेलच असे नाही. पण तो नाही हे समजायला कुणीतरी सांगावे लागते.

देशाच्या संघाची वाट राष्ट्रीय स्पर्धांतून जाते. तिथे राज्यांचे संघ असतात, शिवाय रेल्वेचा संघ असतो. महिलांच्या बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा दबदबा किती, हे त्या खेळातल्या लोकांना विचारावे. नोकरी आणि खेळ दोन्ही एकत्र मिळण्याची मुलींसाठी ती मोठी जागा. या स्पर्धांतून शिबिरासाठी मोठी यादी निघते आणि शिबिरातून बारा. अलीकडे ऑलिंपिकमध्ये आलेल्या तीन-तीनच्या प्रकारात तर एका संघात फक्त चौघी. तिथे पाचवी कोण, हा प्रश्न आणखी बोचरा.

याद्यांचे मोल कळायचे तर जुलै २०१७ कडे जावे लागेल. बंगळूरच्या कंठीरव स्टेडियममध्ये महिलांची आशिया चषक स्पर्धा झाली. भारत तेव्हा खालच्या, म्हणजे 'ब' गटात होता. अंतिम सामना कझाकस्तानशी. भारताने तो ७५-७३ असा जिंकला आणि वरच्या गटात गेला. दोन गुणांचे अंतर, म्हणजे एक बास्केट. अशा सामन्यात बारा जणींपैकी कुणाची दोन मिनिटे कामी आली, हे गुणफलक सांगू शकत नाही.

त्या बारा जणींत पुण्याची शिरीन लिमये होती. तिची आई नीलिमा लिमये यासुद्धा भारताकडून खेळलेल्या. म्हणजे घरात आईच्याच काळापासून याद्यांची वाट पाहिलेली. पुढे हीच शिरीन २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताची कर्णधार होती आणि संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. २०१७ च्या त्याच संघात कर्नाटकाच्या नवनीता आणि बांधव्या होत्या. आपल्या वाचकांपैकी कुणी तो सामना पाहिला असेल, तर घरातल्या एका खोलीत 'शाब्बास' आणि दुसऱ्या खोलीत 'भले' असे दोन्ही ऐकू आले असेल.

मला मात्र त्या यादीतले तमिळनाडूच्या अनिता पॉलदुराई यांचे नाव सर्वांत मोठे वाटते. एकोणिसाव्या वर्षी त्या भारताच्या कर्णधार झाल्या होत्या. नंतर लग्न झाले, मूल झाले, आणि त्यानंतर परत येऊन त्या २०१७ चा चषक खेळल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बाळंतपणानंतर 'आता पुरे' असे आपल्याकडे मुलींना किती सहज सांगितले जाते! निवड करणाऱ्यांनी त्यांचे वय आणि संसार न पाहता खेळ पाहिला, म्हणून ते नाव यादीत आले. चांगली निवड कशी असते, याचे मला सापडलेले हे उदाहरण. याच मैदानावर २०१९ मध्ये भारत वरच्या गटात खेळला आणि आठ संघांत आठवा आला, हेही सांगायला हवे. चांगली यादी म्हणजे विजयाची हमी नव्हे.

आपल्याकडच्या निवडीच्या गोष्टी तशा जुन्या आहेत. मुंबईच्या नागपाड्यातल्या मैदानावर खेळून मोठे झालेले अब्बास मुंतसीर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. दाटीवाटीच्या वस्तीतले एक मैदान देशाला खेळाडू देऊ शकते, हे नागपाड्याने दाखवले. आमच्या नवागामच्या गल्ल्यांतून जाताना मला ते नेहमी आठवते. १९८० मध्ये मॉस्को ऑलिंपिकवर अनेक देशांनी बहिष्कार टाकला, जागा रिकाम्या झाल्या आणि भारताचा पुरुष संघ पहिल्यांदा आणि आजवर एकदाच ऑलिंपिक खेळला. बारा संघांत बारावा आला. महिलांचा संघ अजून ऑलिंपिकला गेलेला नाही.

पण यादी करणारेच दोन झाले तर? २०१५ मध्ये तेही झाले. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय फेडरेशनमध्ये फूट पडली. एका गटाची निवडणूक बंगळूरला झाली, दुसऱ्याची पुण्याला. बंगळूरच्या गटाचे अध्यक्ष के. गोविंदराज, पुण्याच्या गटाच्या अध्यक्ष पूनम महाजन. खरे फेडरेशन कोणते, हा वाद काही महिने चालला आणि शेवटी फिबा या जागतिक महासंघाने गोविंदराज यांच्या गटाला मान्यता दिली. कोण बरोबर, कोण चूक, यात मला पडायचे नाही. सीमाभागातल्या माणसाला दोन बाजूंच्या मध्ये उभे राहणे काय असते, हे वेगळे सांगायला नको. माझ्या डोळ्यांसमोर फक्त त्या मुली येतात, ज्यांचे वय त्या वर्षी अठरा-एकोणीस होते. फेडरेशनला पुढचे वर्ष मिळते. खेळाडूला ते वय पुन्हा मिळत नाही. आता २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला आहे. त्यात खेळातले वाद सोडवण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद आहे. त्याचा उपयोग खुर्च्यांच्या भांडणापेक्षा खेळाडूंच्या तक्रारींसाठी अधिक व्हावा, एवढीच एका आईची इच्छा.

राज्यांचा प्रश्नही आमच्या घरात रोजचा आहे. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी बेळगावात खेळते, तिचा रस्ता कर्नाटकातून. जाऊबाईंची मुलगी इचलकरंजीत, तिचा महाराष्ट्रातून. आमचीचा गुजरातेतून. मे महिन्यात तिघी निपाणीच्या अंगणात एकाच रिंगेवर खेळतात. ती रिंग माझ्या भावाने जुन्या लोखंडी कडीची केली आहे. तिघींचे बोलणे म्हणजे मराठी, कन्नड आणि गुजराती यांचे मिसळण. उद्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या तिघी एकमेकींसमोर उभ्या राहतील. त्या एका संघात येऊ शकतात ती यादी एकच, देशाची. त्या जर्सीवर राज्याचे नाव नसते. माझी आई हे ऐकून म्हणाली, ''मग तीच पट्टी चांगली.'' अशी एकत्र येण्याची शक्यता किती, हे आम्हाला माहीत आहे. पण अंगणातल्या मुलींना शक्यतेचे गणित शिकवायची घाई कुणी करू नये.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. मी ठरवले की विचारायचे. हे म्हणाले, ''कशाला? उगीच डोळ्यावर येईल. पुढच्या वर्षी मुद्दाम वगळतील.'' ही भीती खोटी नाही. ज्यांच्या हातात यादी असते त्यांना प्रश्न विचारायला माणसे घाबरतात. आपल्या मुलांसाठी तर जास्तच. आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, ''इरली बिडव्वा,'' म्हणजे असू दे गं, सोडून दे. अर्धे आयुष्य तिने या दोन शब्दांवर काढले आहे.

मी सोडले नाही. मात्र तक्रार केली नाही, अर्ज केला नाही. मुलीलाच म्हटले, तू विचार. ''मला का घेतलं नाही असं विचारू नकोस. माझं काय कमी पडलं, ते विचार.'' दोन जणांनी फोन घेतला नाही. शिबिरातल्या एका प्रशिक्षक बाईंनी घेतला आणि पाच मिनिटे बोलल्या. ''तुझ्या जागेवर खेळणाऱ्या आमच्याकडे चौघी होत्या, घ्यायच्या होत्या तिघी. तू वेगवान आहेस, पास चांगला देतेस. पण तू फक्त उजव्या हाताने चेंडू नेतेस. चांगल्या संघाला हे दोन मिनिटांत कळतं आणि मग ते तुला डावीकडे ढकलतात. डावा हात तयार कर.''

एवढेच. ती तेरावी होती की अठरावी, हे त्यांनी सांगितले नाही आणि मुलीनेही विचारले नाही. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता. आकडा मिळाला असता तर ती त्याच्याभोवती घुटमळत राहिली असती. काम मिळाले, ती कामाला लागली.

त्यानंतर आमच्या घरात डाव्या हाताचे राज्य सुरू झाले. दात घासणे डाव्या हाताने, दाराची कडी डाव्या हाताने, जिन्यात चेंडू आपटत वर येणे डाव्या हाताने. खालच्या मजल्यावरच्या खानदेशी काकू आधी वैतागल्या, मग चेंडूचा आवाज आला नाही तर 'पोरगी बरी आहे ना?' म्हणून विचारायला लागल्या. सासूबाईंनी मात्र ताटापुढे हद्द आखली. ''खेळ काय करायचा तो कर, पण डाव्या हातानं घास घेतलास तर ताट उचलीन.'' तिने तेवढे मान्य केले. दहावीचा अभ्यास मध्ये होता, तोही झाला. मार्क फार वर गेले नाहीत आणि फार खालीही आले नाहीत.

पुढच्या निवडीत तिचे नाव आले का, हे वाचकांच्या मनात आलेच असेल. त्या वर्षी ती बारा जणींत आली. सात सामन्यांपैकी दोनच सामन्यांत मैदानात उतरली, सगळी मिळून अकरा मिनिटे. बाकी वेळ बाकावर बसून टॉवेल दे, पाण्याची बाटली दे, टाळ्या वाजव. घरी आल्यावर ती ज्या मुलीबद्दल सर्वांत जास्त बोलली, ती तिच्या संघातली नव्हतीच. ती त्या वर्षी वगळली गेलेली मुलगी होती. ''आई, तिला कुणी काही सांगितलं असेल का गं?'' तिने स्वतःच तिचा नंबर शोधून फोन केला.

निवड करणाऱ्यांचे काम अवघड आहे, हे मला पटले आहे. बारा घेताना सहा वगळावेच लागतात, देशाच्या यादीत तर आणखी कितीतरी. सगळ्यांना खूश करता येत नाही, करूही नये. पण प्रत्येक न घेतलेल्या मुलाला एक वाक्य देता येते. उंची कमी पडली, डावा हात कच्चा आहे, तुझ्या जागेवर आणखी चौघी होत्या, पुढच्या वर्षी ये. याला पैसा लागत नाही, वेळही फार लागत नाही. आणि हे फक्त बास्केटबॉलचे नाही. शाळेच्या गॅदरिंगच्या नाटकात, वक्तृत्व स्पर्धेच्या संघात, गावच्या लेझीम पथकात, सगळीकडे आपण नावे वाचून दाखवतो आणि टाळ्या वाजवतो. ज्यांची नावे वाचली जात नाहीत, ती मुलेही त्याच खोलीत बसलेली असतात. पुढच्या वेळी तुमच्या हातात अशी एखादी यादी आली, तर नावे वाचून झाल्यावर लगेच उठू नका. राहिलेल्यांपैकी एकेकाला जवळ बोलवा आणि काय करायचे ते सांगा. मराठीत सांगा, कन्नडात सांगा, ज्या भाषेत त्याला कळेल त्या भाषेत सांगा.